दाराबाहेरच्या जागेचे मोजमाप

एकत्र राहण्याची घरे कशी रचली जातात आणि त्यांत माणसे प्रत्यक्षात कशी राहतात, या विषयावरचे एक छोटे प्रदर्शन गेल्या हिवाळ्यात आम्ही वाशीतल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सभागृहात भरवले. आम्ही म्हणजे नवी मुंबईत काम करणारे चार-पाच वास्तुविशारद, ठाण्यातला एक छायाचित्रकार मित्र आणि आपल्या सुट्ट्या आम्हाला देऊ केलेले वास्तुकलेचे काही विद्यार्थी. मुंबईतल्या एखाद्या कलादालनात जागा मिळणे अशक्य नव्हते. पण तिथे येणारा प्रेक्षक बहुतांशी आमच्याच व्यवसायातला असतो, आणि ज्यांच्या जिन्यांची, गॅलऱ्यांची व अंगणांची रेखाटने भिंतीवर लागणार होती त्यांनी रविवारी जेवण आटोपून, पायांत चप्पल सरकवून सहज यावे, अशी आमची इच्छा होती. सभागृहात बारशा-वाढदिवसांच्या सजावटीची एक कमान कायमची उभी असते. ती हलवता येणार नाही असे सांगण्यात आले, तेव्हा तिच्यासकट जागा घेतली.

विषय निवडण्यामागे तात्कालिक कारण होते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने सुरुवातीच्या काळात उभारलेल्या वाशी-नेरूळमधल्या अनेक इमारती आता जीर्ण झाल्या आहेत. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते आणि सी-१ (रिकामी करून पाडायची इमारत), सी-२ए (रिकामी करून दुरुस्त करायची) ही वर्गवारी इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पुनर्विकासाच्या सभांना मी व्यवसायाच्या निमित्ताने वरचेवर बसते, आणि तिथली चर्चा फिरून फिरून एकाच आकड्यावर येते: कार्पेट किती मिळणार? २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली, हे चांगलेच झाले. घराच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्र, आतल्या भिंतींच्या जाडीसह, परंतु बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी वगळून, एवढे त्यात धरले जाते. घेणाऱ्याची फसगत त्यामुळे बरीच कमी झाली. मात्र उंबरठ्याबाहेर पाऊल पडताच ही मोजणी संपते. जिन्याचा मधला टप्पा, तळमजल्यावरचा कट्टा, दोन इमारतींमधली बोळ, टाकीखालची सावली या जागा कोणाच्याच नावावर नसतात आणि म्हणून सभेत त्यांच्यासाठी भांडायला कोणी उठत नाही. या जागांची मापे घ्यायची आणि ती जिथे भांडण चालू आहे तिथेच मांडायची, एवढा मर्यादित हेतू आम्ही डोळ्यांसमोर ठेवला होता.

त्यासाठी चार वस्त्या निवडल्या: ठाण्यात नौपाड्याच्या बाजूची एक जुनी चाळ, वाशीतली सिडकोची तळमजला अधिक तीन मजल्यांची विनालिफ्ट इमारत, सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मधले आर्टिस्ट व्हिलेज आणि घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या संकुलातला मनोरा. चारही वस्त्यांना एकच प्रश्न विचारायचा असे ठरले: दोन शेजाऱ्यांच्या दारांमध्ये काय आहे, आणि ते किती फूट आहे?

परवानग्यांचा टप्पा सर्वांत लांबला. मोजपट्टी घेऊन आवारात शिरणारा माणूस आज नवी मुंबईत बिल्डरचाच समजला जातो, आणि हा समज अगदीच निराधार आहे असेही नाही. वाशीच्या सोसायटीला आम्ही रीतसर पत्र दिले. ते कार्यकारिणीच्या सभेत वाचले गेले, आणि 'शैक्षणिक अभ्यास' हे शब्द ऐकताच सभासदांचा संशय उलट वाढला, कारण यापूर्वी कोणीतरी याच शब्दांखाली येऊन सह्या घेऊन गेले होते. अध्यक्ष पुन्हा पुन्हा विचारत राहिले की या नकाशांचा पुढे काय उपयोग होणार. अखेर एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये आयुष्यभर हिशेब सांभाळून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "मोजू द्या त्यांना. निदान आपलं आपल्याला तरी कळेल काय आहे ते." मंजुरी मिळाली ती दोन अटींवर: घराच्या आतले छायाचित्र घरमालकाला दाखवल्याशिवाय लावायचे नाही, आणि प्रत्येक नकाशाची एक प्रत सोसायटीच्या दप्तरी द्यायची. दुसरी अट पुढे फार महत्त्वाची ठरली.

वाशीच्या इमारतीत एका जिन्यावर प्रत्येक मजल्याला चार दारे आहेत आणि त्यांच्यामधला टप्पा सुमारे आठ फूट बाय पाच फुटांचा आहे. कागदावर हा आकडा नगण्य वाटतो. प्रत्यक्षात तिथे चार चपलांचे स्टँड, विजेचे मीटर, सूचनाफलक, तुळशीची एक कुंडी आणि बहुतेक मजल्यांवर एखादी उभी करून ठेवलेली लहान सायकल होती. पण आम्हाला खरा विषय सापडला तो सेफ्टी डोअरमध्ये. मूळ इमारतीला एकच लाकडी दार होते आणि ते आत उघडत असे. लोखंडी जाळीची बाहेर उघडणारी दारे रहिवाशांनी नंतर आपापल्या वेळेला बसवली. चारही जाळ्या बाहेर उघडू लागल्या की एवढ्याशा जागेत त्या एकमेकींवर आदळणार हे उघड आहे, तरीही त्या आदळत नव्हत्या. एका विद्यार्थिनीने प्रत्येक मजल्यावरच्या जाळीच्या फिरण्याचा कमानी घेर रेखाटला, तेव्हा लक्षात आले की कुठे कोणी बिजागऱ्या डावीकडून उजवीकडे घेतल्या आहेत, कुठे जाळीचे दोन पल्ले करून घेर निम्मा केला आहे, आणि दुसऱ्या मजल्यावर एका घराने जाळी चौकटीत मागे सरकवून बसवली आहे, कारण समोरच्या घरात चाकाची खुर्ची होती आणि ती वळायला जागा हवी होती. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या आजोबांना जाऊन बराच काळ झाला होता. जाळी मात्र तशीच मागे होती. हा सगळा तपशील आम्ही १:१० या मोठ्या प्रमाणात काढला, आणि मला विचाराल तर संपूर्ण प्रदर्शनातला सर्वांत मोलाचा कागद तोच होता.

बेलापूरचे काम त्या मानाने सोपे होते, कारण तिथे मूळ योजना प्रसिद्ध आहे आणि तिच्याशी ताडून पाहता येते. नवी मुंबईची कल्पनाच मुळात १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी मांडली होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि १९८३ ते १९८६ या काळात कोरियांनी बेलापूरची ही वस्ती रचली. सात घरांच्या मधोमध साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचे एक अंगण, असे तीन गट मिळून एकवीस घरांची मोठी मोकळी जागा, आणि तसे तीन समूह जोडून त्याहून मोठी, अशी पायरी-पायरीने वाढत जाणारी ती रचना आहे. कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याच्या घराशी सामायिक ठेवलेली नाही, कारण प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे आपले घर पुढे वाढवता यावे असा हिशेब होता. आज तिथे फिरताना मूळची उतरत्या कौलांची घरे शोधावी लागतात. बहुतेकांच्या जागी दोन-तीन मजली काँक्रीटचे बंगले आले आहेत. आमच्यातल्या काहींना ही योजनेची शोकांतिका वाटली. मला ते मान्य नाही. घर वाढणार हे गृहीत धरूनच ज्याने आराखडा केला, त्याच्या घरांनी वाढू नये असा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरायचा? घरे बदलली, पण आम्ही मापलेल्या अंगणांत कोणीही भिंत पुढे सरकवलेली नव्हती, हे मला अधिक लक्षणीय वाटते. अंगणाचा ताबा घेतला आहे तो मोटारींनी. सात घरांच्या अंगणात तीन मोटारी लागल्या की मुलांच्या वाट्याला कडेची पट्टी उरते, आणि १९८३ साली हा अंदाज करणे कोणालाच सोपे नव्हते.

याच ठिकाणी एक पेच उभा राहिला. वाशीत बंद केलेल्या बाल्कन्या, खिडकीबाहेर काढलेले पिंजरे, तळमजल्यावरच्या वाढीव खोल्या. बेलापुरात मंजूर नकाशापलीकडे गेलेले मजले. हे सगळे जसेच्या तसे रेखाटले तर तो आमच्या दृष्टीने अभ्यास, पण रहिवाशाच्या दृष्टीने नोटिशीचा पुरावा. ते वगळले तर राहण्याची अर्धी गोष्टच पुसली जाते. विद्यार्थ्यांचा कल सर्व काही दाखवण्याकडे होता, आणि त्या वयात तो तसाच असावा. बरीच वादावादी झाल्यावर वाढीव भाग दाखवायचा परंतु तो कोणत्या घराचा हे कळू द्यायचे नाही, असा मार्ग काढला: घरक्रमांक गाळले, वेगवेगळ्या घरांतले फेरफार एका काल्पनिक मजल्यावर एकत्र आणले आणि तसे केल्याची स्पष्ट नोंद चित्राखाली लिहिली. दस्तऐवज म्हणून त्याची किंमत यामुळे कमी झाली, हे खरे आहे. तरीही ज्यांनी आपल्याला चहा देऊन आत घेतले त्यांच्या भिंतीवर आपण लाल रेघ मारू नये, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

ठाण्याच्या चाळीने आम्हाला वेगळ्या प्रकारे जागे केले. पूर्वी घर खणांत मोजत. इथले जुने भाडेकरू अजूनही 'आमची दोन खणी खोली' असेच म्हणतात, आणि गॅलरीतली प्रत्येकाची हद्दही दोन खांबांमधल्या खणाने ठरलेली असते, जरी ती कुठे लिहिलेली नाही. चार फुटांच्या त्या गॅलरीवर आम्ही सगळे लट्टू झालो होतो. संध्याकाळचे तिरपे ऊन, कठड्यावरची वाळवणे, खाली वाकून भाजीवाल्याशी चाललेला भाव: छायाचित्रकाराने एकामागून एक सुंदर चित्रे घेतली. तेवढ्यात शेवटच्या खोलीतल्या एका काकू शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला गॅलरी आवडते, कारण तुम्ही रात्री आपापल्या घरी जाता." त्यांच्या दारासमोरून दिवसभर सगळी चाळ संडासाकडे जाते, आणि उन्हाळ्यात दार उघडे ठेवायचे तर पडदा लावावा लागतो. त्यानंतर आम्ही गॅलरी आणि संडास एकाच कागदावर, एकाच प्रमाणात, रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांसह काढले आणि उन्हातली बहुतेक छायाचित्रे मागे ठेवली. चाळीच्या आठवणींवर हळवे होणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. त्यांत भर घालण्याची गरज नव्हती.

मनोऱ्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. संकुलाच्या व्यवस्थापनाने मोजमापाला नकार दिला, म्हणून तिथे राहणाऱ्या एका मैत्रिणीकडे पाहुणे म्हणून जाऊन, फाटकावरच्या ॲपमध्ये नोंद होऊन, तिच्या मजल्यावरची लॉबी तेवढी मोजली. लिफ्ट आणि दारे यांच्यामध्ये दीड मीटर रुंदीची, खिडकी नसलेली, दिवसाही दिव्यावर चालणारी पट्टी होती. सामायिक जागा तिथे कमी आहे असे म्हणता येणार नाही: पोडियमवर बाग आहे, तरणतलाव आहे, क्लबहाऊस आहे. फक्त ते सगळे लिफ्टने खाली जाऊन आणि बऱ्याचदा आगाऊ नोंदणी करून वापरायचे आहे, आणि शेजाऱ्याच्या दारापाशी घुटमळायला कारणच उरत नाही.

परदेशातली उदाहरणे घ्यावीत की नाही यावर आमच्यात मतभेद होते. 'तिकडचे तिकडे' असे म्हणून लोक पुढे जातील, ही भीती रास्त होती. शेवटी दोनच घेतली. पहिले व्हिएन्नाचे कार्ल मार्क्स होफ: १९२७ ते १९३० या काळात तिथल्या नगरपालिकेने बांधलेली, एक किलोमीटरहून लांब, १,३८२ घरांची वसाहत, जिच्या एकूण जमिनीचा एक पंचमांशाहूनही कमी भाग बांधकामाखाली आहे आणि जिच्यात सुरुवातीपासून धुलाईघरे, बालवाड्या व वाचनालय होते. दुसरे झुरिकचे काल्कब्राइटे: ट्रामच्या डेपोवर २०१४ मध्ये पूर्ण झालेली सहकारी इमारत, जिथले रहिवासी स्वतःची मोटार न ठेवण्याचे मान्य करतात आणि ज्यातली काही बिऱ्हाडे स्वयंपाकघर व बैठकीची जागा एकत्र वापरतात. या दोहोंच्या शेजारी आम्ही वाशीच्या एका सभासदाचे जुने शेअर सर्टिफिकेट लावले, नाव झाकून: ५० रुपयांचे पाच शेअर, एकूण २५० रुपये. लोक या कागदासमोर अनपेक्षितपणे रेंगाळले. तो कागद प्रत्येकाच्या कपाटात असतो. परंतु इमारत सोसायटीची आणि आपण तिचे भागीदार, जमीन तर सिडकोकडून साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने आलेली, हा त्याचा अर्थ कोणी फारसा उच्चारत नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण सोसायटी काढली होती, ही माहितीही तिथेच दिली, म्हणजे सहकार काही झुरिकहून आलेला नाही हे निराळे सांगावे लागले नाही.

मांडणी करताना एक गोष्ट आम्ही उघडपणे उसनी घेतली. जर्मनीतल्या व्हिट्रा डिझाइन म्युझियममध्ये २०१७ साली सामूहिक निवासावर मोठे प्रदर्शन झाले होते आणि त्यात अशा एकत्र राहणीच्या घराचा प्रत्यक्ष आकाराचा नमुना उभारला होता. आम्ही तो केवळ छायाचित्रांत पाहिलेला. आमच्याकडे ना तेवढा पैसा ना जागा, म्हणून सभागृहाच्या फरशीवरच वाशीचे एक घर आणि त्याबाहेरचा टप्पा खऱ्या मापाने पट्टीने आखला. कागदी मास्किंग टेप गुळगुळीत टाइल्सवरून पायांखाली सुटून येऊ लागली, तेव्हा इलेक्ट्रिशियन वापरतात ती पिवळी टेप आणली, ती टिकली. तिच्या शेजारी, लाल टेपने, पुनर्विकासाच्या नकाशांत सध्या सर्रास दिसते तशी दीड मीटरची लॉबी आखली.

नकाशा वाचता येत नाही म्हणून भिंतीवरच्या कागदांसमोर संकोचणारी माणसे या पिवळ्या रेघांत मात्र बिनदिक्कत शिरली. एक आजी थेट स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या आणि ओट्याची जागा पाहून त्यांनी मान हलवली. "ओटा इथून नाही, खिडकीपासून सुरू होतो. नाहीतर कुकरची वाफ कुठे जाणार?" त्यांच्या घरातला ओटा मूळचाच होता, आम्ही मोजलेल्या घरात तो कधीतरी फिरवलेला होता, आणि आता कळले की का. दुसऱ्या बाजूला मजल्यावरच्या दोन शेजारणी आपापल्या दारांच्या खुणांवर उभ्या राहून नेहमीच्या आवाजात बोलून पाहत होत्या. मग त्या लाल लॉबीत गेल्या. तिथे दारे समोरासमोर नव्हती, दोघींना बोलण्यासाठी पुढे यावे लागले आणि पुढे आल्यावर लिफ्टच्या दारात अडथळा होऊ लागला. यावर आमच्यापैकी कोणी भाष्य केले नाही. मसाला मार्केटवाल्या काकांनी मात्र खिशातून स्वतःची टेप काढली आणि लाल रेघ खरोखर दीड मीटरच आहे ना, याची खातरजमा करून घेतली.

प्रदर्शन उतरवल्यावर ठरल्याप्रमाणे नकाशांच्या प्रती सोसायटीच्या दप्तरात जमा केल्या, आणि आमच्या दृष्टीने विषय तिथे संपायला हरकत नव्हती. पुढे निविदेचा मसुदा तयार होऊ लागला तेव्हा कार्यकारिणीने पुनर्विकासासाठी नेमलेल्या सल्लागारासमोर बिजागऱ्यांचा तो कागद ठेवला आणि तांत्रिक अटींत एक नवा भाग घालायला सांगितले: लॉबीची किमान रुंदी, तिला बाहेरचा उजेड देणारी खिडकी, जाळीचे दार उघडल्यावर उरणारी जागा आणि तळमजल्यावर बसण्याचा कट्टा. सल्लागाराचे म्हणणे होते की लॉबी वाढली की विक्रीचे क्षेत्र घटते आणि त्याचा फटका कॉर्पस फंडाला, म्हणजे विकासकाकडून सभासदांना मिळणाऱ्या ठेवीला बसतो. ते चूक नव्हते, आणि सभेत काहींनी त्यांची बाजू जोरात उचलून धरली. एका सभासदाने कट्ट्यावर बाहेरची मुले येऊन बसतील अशी हरकत घेतली. मतदानात कट्टा पडला. खिडकी आणि रुंदी थोडक्या मतांनी तरली. आता निविदा येऊ लागल्या आहेत. काही विकासकांनी तो रकाना मापांसह भरला आहे, काहींनी त्यात 'नियमानुसार' एवढेच लिहून पाठवले आहे, आणि अशांकडून कार्यकारिणीने लॉबीचा नकाशा प्रमाणासह मागवला आहे.